हजेरीपटावरच्या बाया, दिल्ली महापालिका आणि सीडॉचं कलम ११

८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयात एका अपिलाचा निकाल लागला. अपील केलं होतं दिल्ली महापालिकेने आणि समोरच्या पक्षाचं नाव होतं 'महिला कामगार (मस्टर रोल)'. रस्त्यांची डागडुजी करणाऱ्या, चर खोदणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या या रोजंदारीच्या बाया. महापालिकेच्या दप्तरी त्यांची ओळख हजेरीपटापुरती होती. खटल्याच्या मथळ्यातही ती तेवढीच राहिली. मागणी एका ओळीत मावणारी होती: कायम बायांना बाळंतपणाची पगारी रजा मिळते, ती आम्हालाही द्या.

स्त्रियांचे हक्क आणि आंतरराष्ट्रीय करार असा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ मधल्या विशाखा निकालापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. तो निकाल मोठा आहे, यात वाद नाही. पण तिथे न्यायालयासमोर कोरी पाटी होती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध वेगळा कायदाच नव्हता, म्हणून सीडॉ, म्हणजे स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नाहीसे करण्याचा आंतरराष्ट्रीय करार, हाताशी धरून नियम घालून दिले गेले. मस्टरच्या बायांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी कायदा १९६१ पासून होता, राज्यघटनेत कलम होतं, भारताने करारावर सहीही केली होती. एवढं सगळं असून त्यांना रजा मिळत नव्हती. 'कायदा आहे, पण तुम्हाला नाही' हे उत्तर ऐकलेल्या बायकांची संख्या आपल्या देशात 'कायदाच नाही' असं ऐकलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असणार. म्हणून कार्यकर्त्यांना आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकायला हे प्रकरण मला अधिक उपयोगी वाटतं.

वाद कसा उभा राहिला

मस्टरवर काम करणं म्हणजे काय, हे रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मुकादम हजेरी मांडतो, भरलेल्या दिवसांचा पगार निघतो, काम संपलं की नातं संपलं. निदान कागदावर तरी. दिल्लीत कामगारांच्या संघटनेचं, दिल्ली म्युनिसिपल वर्कर्स युनियनचं म्हणणं असं की काम कधी संपतच नाही. रस्ते दरवर्षी उखडतात, चर दरवर्षी खणावे लागतात. बारमाही कामावर माणसं वर्षानुवर्षं मस्टरवरच ठेवली जातात, कायम कामगार जे करतो तेच तीही करतात, पण सवलतींची वेळ आली की त्यांना रोजंदारीची म्हणून बाजूला काढलं जातं. कायम बाईला बाळंतपणाची रजा होती. तिच्याच शेजारी घमेलं उचलणाऱ्या मस्टरवरच्या बाईला नव्हती.

संघटनेने इथे एक शहाणपणाची गोष्ट केली. एका गरोदर बाईची तक्रार पुढे न करता तिने सगळ्या मस्टरवरच्या बायांची सामूहिक मागणी मांडली. औद्योगिक विवाद कायद्याखाली दिल्ली प्रशासनाच्या कामगार सचिवांनी तो प्रश्न औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवला. मस्टरवरच्या महिला कामगारांना प्रसूतीचा लाभ द्यावा का, आणि द्यायचा असल्यास कोणते निर्देश आवश्यक आहेत, असा तो सरळ प्रश्न होता. एकट्या बाईने दाद मागितली असती तर काय झालं असतं, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. नऊ महिन्यांत कुठलंच न्यायालय निकाल देत नाही, आणि दावा लावणाऱ्या बाईचं नाव उद्याच्या हजेरीपटावर नसलं तर ते का नाही, याचा जाब मुकादमाला कोण विचारणार? बाळंतपणाचा हक्क ठरावीक आठवड्यांत वापरायचा असतो. ते आठवडे निघून गेले की हातात फक्त भरपाई उरते. सामूहिक विवादाला मात्र कुणा एकीच्या दिवसांची मुदत नसते.

न्यायाधिकरणाने २ एप्रिल १९९६ रोजी बायांच्या बाजूने निवाडा दिला. महापालिका दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एकल न्यायाधीशांनी जानेवारी १९९७ मध्ये याचिका फेटाळली. मग खंडपीठाकडे अपील झालं, ते मार्च १९९८ मध्ये उशिराच्या कारणावरून फेटाळलं गेलं. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय. निवाड्याच्या वेळी जी बाई पोटुशी असेल, तिचं मूल अंतिम निकाल लागेपर्यंत बालवाडीत जाण्याएवढं झालं होतं. रोजंदारीच्या बायकांना काही आठवड्यांची मजुरी द्यावी लागू नये म्हणून एक महापालिका किती पायऱ्या चढते, हेही या प्रकरणातून शिकण्यासारखं आहे.

महापालिकेचा बचाव

बचावाचे मुद्दे वाचताना ते ओळखीचे वाटतात, कारण आजही कुठल्याही नगरपालिकेच्या कार्यालयात तेच ऐकायला मिळतात. पहिला मुद्दा: या रोजंदारीवरच्या आहेत, कायम नाहीत, त्यामुळे सरकारी नोकरांचे रजेचे नियमही त्यांना नाहीत आणि १९६१ चा प्रसूती लाभ कायदाही नाही. दुसरा: कर्मचारी राज्य विमा कायद्याखालीही त्यांना काही मिळत नाही. तिसरा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात जोर धरून आला आणि कायद्याच्या दृष्टीने दम होता तो त्यातच. प्रसूती लाभ कायदा कारखाने, खाणी, मळे आणि ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं असलेली दुकानं-आस्थापना यांना आपोआप लागू होतो. बाकीच्या आस्थापनांना तो लावायचा असेल तर कलम २ च्या परंतुकाप्रमाणे (कलमाला जोडलेल्या पुरवणी अटीप्रमाणे) राज्य सरकारने केंद्राची मंजुरी घेऊन, दोन महिन्यांची आगाऊ सूचना देऊन राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. आमच्याबाबत अशी अधिसूचना नाही, सबब कायदा आमच्या दारापर्यंत पोहोचलेलाच नाही, असं महापालिका म्हणत होती.

आपण 'उद्योग' नाही, असंही महापालिकेचं म्हणणं होतं. हा मुद्दा न्यायालयाने फार वेळ न घालवता निकालात काढला. नगरपालिकेचं कोणतं खातं उद्योगात मोडतं, याचा कीस नागपूर महापालिकेच्या खटल्यात १९६० मध्येच काढून झाला होता. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने करवसुली, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, अग्निशमन अशी एकेक खाती घेऊन तपासली होती. त्याच धाग्याने आता दिल्लीतलं रस्त्यांचं, बांधकामाचं आणि चर खोदण्याचं कामही उद्योग ठरलं.

कायद्याचं उत्तर

न्या. एस. सगीर अहमद आणि न्या. डी. पी. वाधवा यांच्या पीठाने आधी घरचा कायदा उघडला. क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. राज्यघटनेचं कलम १४, स्त्रियांसाठी विशेष तरतूद करायला मोकळीक देणारं कलम १५ चं तिसरं उपकलम, आणि न्याय्य व माणुसकीची कामाची परिस्थिती व प्रसूती साहाय्य यांची जबाबदारी राज्यावर टाकणारं कलम ४२ ही सगळी कलमं त्यात येतात. मग १९६१ च्या कायद्यातली एकेक तरतूद. त्या कायद्यात 'स्त्री' म्हणजे आस्थापनेत मजुरीवर कामाला असलेली स्त्री, थेट नेमलेली असो की कुठल्या एजन्सीमार्फत. कायम की तात्पुरती, हा भेद व्याख्येत नाही. अट आहे ती कलम ५ मध्ये: अपेक्षित बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. १९८८ च्या दुरुस्तीपूर्वी ही अट १६० दिवसांची होती.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. गरोदर बाईने विनंती केली तर बाळंतपणाआधीच्या ठरावीक काळात तिला कष्टाचं, फार वेळ उभं राहायला लावणारं काम देता येत नाही. चर खोदणं हे कष्टाचं काम आहे की नाही, यावर तरी दुमत व्हायला नको. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तिला कामाला लावण्यावर तर बंदीच आहे. म्हणजे बाईने त्या सहा आठवड्यांत कामावर येणं कायद्याला मंजूर नाही, आणि घरी राहिली तर महापालिका मजुरी देणार नाही. मस्टरवरच्या बाईला या दोन्हींच्या मध्ये उपाशी बसायला लावलं जात होतं.

निकालात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एक कोरडं वाक्य. त्याचा आशय असा: आम्ही या कायद्याच्या सगळ्या तरतुदी चाळल्या, पण प्रसूतीची रजा फक्त कायम बायांना आणि मस्टरवर रोजंदारी करणाऱ्यांना नाही, असं त्यात कुठेही आढळलं नाही. निकालातली इतर वाक्यं जास्त उद्धृत होतात. आई होणं ही स्त्रीच्या आयुष्यातली अत्यंत नैसर्गिक गोष्ट आहे, मालकाने सहानुभूतीने वागावं, गर्भ वाढवताना आणि मूल सांभाळताना तिला होणारा त्रास समजून घ्यावा, अशा अर्थाची ती आहेत. हेतू चांगला आहे, पण मला ती थोडी खटकतात. सहानुभूती मालकाच्या मर्जीवर असते. हजेरीपटावरच्या बाईने मागितला होता तो हक्काचा पगार. उद्या एखादा मालक 'मी सहानुभूतीने चार दिवस सुटी दिली' म्हणाला तर त्याला त्या कोरड्या वाक्यानेच अडवता येईल.

मग करार कशाला लागला?

भारताने सीडॉ करारावर, म्हणजे स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नाहीसे करण्याच्या करारावर, ३० जुलै १९८० रोजी सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी त्याला अनुसमर्थन दिलं, म्हणजे तो पाळण्याची बांधिलकी पत्करली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो १८ डिसेंबर १९७९ रोजी स्वीकारला होता. त्यातलं कलम ११ नोकरीबद्दल आहे. गरोदरपणाच्या किंवा बाळंतपणाच्या रजेच्या कारणावरून नोकरीवरून काढायला त्यात बंदी आहे. पगारी किंवा त्या तोडीच्या सामाजिक लाभांसह रजा द्यायची आणि तीही नोकरी, ज्येष्ठता, भत्ते न गमावता, असं त्यात आहे. पाळणाघरांसारख्या सोयी वाढवायच्या आणि गरोदरपणात अपायकारक ठरणाऱ्या कामापासून विशेष संरक्षण द्यायचं, हेही त्यातच. न्यायालयाने हे कलम निकालात पूर्ण उतरवून घेतलं.

आपल्याकडे करार थेट कायदा होत नाही. कलम २५३ प्रमाणे संसदेने तसा कायदा करावा लागतो. कलम ५१ राज्याला करारांबद्दल आदर बाळगायला सांगतं, एवढंच. विशाखा निकालाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी एक वाट घालून दिली होती: देशी कायदा गप्प असेल आणि कराराशी त्याचा विरोध नसेल, तर मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना करार वाचता येतो. पण आपल्या प्रकरणात देशी कायदा गप्प नव्हता. तो बोलत होता. फक्त महापालिकेच्या दारात अधिसूचना नावाचा कागद यायचा राहिला होता. विशाखाची वाट जशीच्या तशी इथे लागू पडत नव्हती.

न्यायालयाने मग जे केलं ते मला या प्रकरणाचं मर्म वाटतं. कलम ११ मधली तत्त्वं दिल्ली महापालिका आणि मस्टरवरच्या बाया यांच्यातल्या सेवाकरारात वाचली गेली पाहिजेत, असं त्याने म्हटलं. न्यूयॉर्कमध्ये देशादेशांनी केलेला करार घेऊन तो मुकादमाच्या हजेरीपटामागच्या अलिखित करारात बसवला. महापालिकेचा सगळा बचाव तरी कशावर उभा होता? या रोजंदारीवरच्या आहेत, आमचं यांच्याशी नातं दिवसापुरतं, यावर. न्यायालयाचं उत्तर तर्काने पुढे नेलं तर असं होतं: नातं दिवसापुरतं असेल तर असू द्या, रोज नवा करार होतो असं म्हणा हवं तर, त्या प्रत्येक दिवसाच्या करारात कलम ११ आहे.

दुसरी गोष्ट, दिल्ली देशाची राजधानी आहे. भारताने कुठल्या आंतरराष्ट्रीय करारांवर सह्या केल्या आहेत, याची जाणीव दिल्लीच्या महापालिकेइतकी दुसऱ्या कुठल्या महापालिकेला असणार, असा टोला न्यायालयाने लगावला. हा नुसता टोमणा नव्हता. महापालिका ही राज्यघटनेच्या अर्थाने 'राज्य' आहे. करारावर सही राज्याने केली आणि बाईला मजुरी देणाराही राज्यच. सही करणारा आणि मालक एकच असल्यावर 'करार आमच्यावर बंधनकारक नाही' असं म्हणायला तोंड राहत नाही. पण मालक खासगी असता तर? सीडॉच्या कलम २ मध्ये कुठल्याही व्यक्तीने, संघटनेने किंवा उद्योगाने केलेला भेदभाव दूर करण्याची जबाबदारी राज्यावर आहे, म्हणजे मार्ग आहे. तो लांबचा आहे, कारण तिथे आधी राज्याला जागं करावं लागतं आणि मग राज्याने मालकाला.

माझं मत असं: या प्रकरणात कराराने बायांना नवा हक्क दिला नाही. हक्क १९६१ च्या कायद्याने दिलेलाच होता. कराराने पळवाट बंद केली. अधिसूचना नसल्याचं कारण सांगून सुटू पाहणाऱ्या मालकाला न्यायालयाने सांगितलं की अधिसूचना येईल तेव्हा येईल, तोवरही तुम्ही मोकळे नाही. शेवटचा आदेश त्याच धर्तीचा आहे: महापालिकेने राज्य आणि केंद्र सरकारकडे जाऊन कलम २ च्या परंतुकाखाली अधिसूचना काढवून घ्यावी, आणि दरम्यानच्या काळात रोजंदारीवरच्या मस्टरच्या बायांना कायद्यातले लाभ द्यावेत. 'दरम्यानच्या काळात' या भागात सगळा जीव आहे. तो नसता तर फाईल मंत्रालयात फिरत राहिली असती.

तीन वर्षांची अट

एक गाठ मात्र राहिली आहे, आणि या निकालावर लिहिणारे बहुतेक जण तिच्याकडे पाहतही नाहीत. न्यायाधिकरणाच्या निवाड्यात लाभ दिला होता तो महापालिकेत सलग तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काम केलेल्या बायांना. कायदा मागतो ८० दिवस आणि निवाडा मागतो तीन वर्षं! तडजोडीचा सूर लावून न्यायाधिकरणाने ही अट घातली असावी असं वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेचं अपील फेटाळलं, न्यायाधिकरणाचा निर्देश पाळायला सांगितलं, पण शेवटच्या आदेशात तीन वर्षांचा उल्लेख केला नाही. तिथे आहेत त्या रोजंदारीवर काम करत आलेल्या मस्टरच्या बाया, एवढंच.

त्याचे दोन अर्थ काढता येतात. निर्देश कायम म्हणजे अटही कायम, असं महापालिकेचा वकील म्हणेल. 'कायद्यातले लाभ' द्या म्हटल्यावर कायद्यातली पात्रतेची अटही सोबत येते आणि ती ८० दिवसांची आहे, असं संघटनेचा वकील म्हणेल. मला दुसरं वाचन बरोबर वाटतं. न्यायालयाने स्वतःच सांगितलं आहे की कायद्यात कायम-तात्पुरतं असा भेद नाही. मग तीन वर्षांचा उंबरठा घालून तोच भेद मागच्या दाराने आत कसा आणायचा? ज्या ठिकाणी सहा महिन्यांनी नावं बदलून हजेरीपट फिरवले जातात, तिथे तीन वर्षांची अट ठेवली तर एकही बाई पात्र ठरणार नाही.

मोजणीचा आणखी एक जुना वाद इथे आठवतो. एका मळ्याच्या प्रकरणात मालकाचं म्हणणं होतं की प्रसूतीच्या आठवड्यांचे पैसे मोजताना रविवार धरू नयेत, कारण रविवारी कामच नसतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं की आठवडा सात दिवसांचाच. हा लाभ बाईला नुसतं तगून राहण्यासाठी नाही, तिची झिजलेली ताकद भरून यावी, मुलाला पाजता-सांभाळता यावं यासाठी आहे. रोजंदारीच्या बाबतीत अशा मोजणीवरच सगळं अवलंबून असतं. ८० दिवसांचा हिशोबही असाच. कामबंदीचे दिवस आणि पगारी सुट्या त्यात धरल्या जातात, हे अनेक मुकादमांना ठाऊक नसतं, किंवा ठाऊक असून सोयीचं नसतं.

पैसे कुणी द्यायचे

दिल्लीच्या निकालाने एक प्रश्न हाताळलाच नाही. हाताळायचं कारणही नव्हतं, कारण तो कुणी मांडला नव्हता. बाळंतपणाच्या रजेचा खर्च कुणाचा? १९६१ चा कायदा, जिथे राज्य विमा योजना नाही तिथे, तो सगळा मालकावर टाकतो. म्हणून बाई कामाला घेणं महाग पडतं आणि कंत्राटदार तिला घेतच नाही.

हा वाद मुंबईला नवा नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना याच प्रश्नावर बोट ठेवलं होतं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, त्यामुळे त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा. मात्र बाईच्या श्रमावर नफा कमावणारा मालकही त्यातून पूर्ण सुटू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. खर्च मात्र मालकावरच राहिला.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ च्या तिसऱ्या क्रमांकाच्या करारातच हा लाभ सरकारी निधीतून किंवा विम्यातून द्यावा असं म्हटलं होतं. जून २००० मध्ये, म्हणजे दिल्लीच्या निकालानंतर तीनच महिन्यांत, याच संघटनेचा १८३ क्रमांकाचा करार आला. त्यात किमान १४ आठवड्यांची रजा आहे आणि खर्चाचा बोजा एकट्या मालकावर टाकू नये हे तत्त्वही आहे. भारताने या दोन्ही करारांना अनुसमर्थन दिलेलं नाही. सीडॉला दिलं, पण नेमकं पैशाचं गणित सांगणारे करार बाजूला ठेवले, असं हे चित्र. २०१७ मध्ये आपण रजा बारा आठवड्यांवरून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांवर नेली, आणि ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं. आठवडे दुपटीहून जास्त वाढले, तरी ते भरायचे होते त्याच एका खिशातून. कार्यालयात बसणाऱ्या बाईला याचा फायदा झाला, आणि व्हायलाच हवा होता. मस्टरवरच्या बाईला कामावर घेताना मात्र मुकादम आता दोनदा विचार करतो.

निकालानंतरची वाट

कंत्राटी आणि हंगामी बायांच्या कितीतरी प्रकरणांत पुढे हा निकाल आधाराला घेतला गेला. न्यायालयं त्याच दिशेने चालत राहिली. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयातल्या कंत्राटी डॉक्टरने जून २०१७ पासून प्रसूती रजा मागितली. कंत्राट ११ जूनला संपत होतं, म्हणून तिला ११ दिवसांचाच लाभ देण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ रोजी सांगितलं की पात्रता ८० दिवसांची. ती पूर्ण झाली असेल तर कंत्राट संपल्यावरही पूर्ण २६ आठवड्यांचा लाभ द्यावा लागेल. मस्टरवरच्या चर खोदणाऱ्या बाईने मोकळी केलेली वाट पुढे डॉक्टरणीच्याही कामी आली. आपल्याकडे बहुधा उलट घडतं.

१९६१ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ८० दिवस आणि २६ आठवडे हा गाभा तिच्यात तसाच आहे.

महाराष्ट्रात या प्रकरणाची खरी कसोटी उसाच्या फडात आहे. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल (आगाऊ रक्कम) त्या जोडीच्या नावावर, आणि एक दिवस चुकला की खाड्याचे पैसे कापले जातात. बाई गरोदर असली तरी कोयता थांबत नाही; कोपीत बाळंत होऊन काही दिवसांत पुन्हा मोळ्या उचलणाऱ्या बायांच्या हकिगती मराठवाड्यात सर्वांना माहीत आहेत. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये गदारोळ उठला, तेव्हा पाळीचे दिवस आणि खाडा यांचा संबंधही चव्हाट्यावर आला. इथे हजेरीपटसुद्धा नाही. कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी तर फक्त उचल वाटतो.

दिल्लीच्या निकालातली हत्यारं इथे वापरता येतील का? माझ्या मते दोन येतील. एक, थेट किंवा एजन्सीमार्फत कामाला ठेवलेली स्त्री ही जुन्या कायद्यातली व्याख्या. कारखाना आणि फड यांच्यामध्ये मुकादम उभा असला म्हणून कारखान्याची जबाबदारी संपत नाही, हा युक्तिवाद तिच्यातून निघतो. दुसरं हत्यार म्हणजे ज्याच्या आड दिल्ली महापालिका लपली होती तेच परंतुक. राज्य सरकार औद्योगिक, व्यापारी, शेतीविषयक किंवा इतर कुठल्याही आस्थापनेला हा कायदा लावू शकत होतं. 'शेतीविषयक' असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. साठ वर्षांहून जास्त काळ ही ताकद राज्याच्या हातात होती. फडातल्या बाईला आज मिळू शकते ती मातृवंदना योजनेची रक्कम, पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सांगितलेली किमान रक्कमच ६,००० होती. तिच्या बुडालेल्या मजुरीशी या आकड्याचा काही मेळ नाही.

सीडॉ समितीकडे थेट तक्रार करण्याचा मार्ग भारतातल्या बाईला नाही, कारण तो ज्या ऐच्छिक पूरक करारातून (ऑप्शनल प्रोटोकॉल) उघडतो त्यावर भारताने सहीच केलेली नाही. त्यामुळे जे काही करायचं ते इथल्याच न्यायाधिकरणात आणि निरीक्षकाच्या टेबलावर. तिथे जाताना संघटनेने आधी हजेरी जमवावी: मस्टरच्या प्रती, पगाराच्या पावत्या, बँकेतल्या नोंदी, आणि मालक कागद देतच नसेल तर तारीखवार लिहिलेली वही आणि सोबत काम केलेल्यांचे जबाब. ८० दिवस सिद्ध झाले की कलम ११ ला बोलता येतं. मागणीही एकीच्या नावाने न लावता सगळ्यांच्या नावाने लावावी, दिल्लीच्या संघटनेने लावली होती तशी.